छपरी नावाचं कोण राहतं इथं?

बसलेल्या मोठ्या माणसांनो, माय-माउल्यांनो, अन् सुमनकाकूंचे चिरंजीव सुधीरदादा, सगळ्यांना हात जोडतो.

काकूंच्या ह्या शोकसभेत माझ्याआधी सरपंच बोलले, गुरुजी बोलले. चांगलं बोलले. मला तसं येत न्हाई. मी हळद शिजवायचा कुकर चालवणारा माणूस. मशीनच्या आवाजात ओरडून बोलायची सवय. इथं हळू बोलावं लागून राहिलं, अन् हळू बोललं की रडू येतं. मधेच थांबलो तर सांभाळून घ्या.

काकूंना तुमी सगळे ओळखता. दत्तमंदिराची पूजा त्यांच्या घरात. काका वसमतला कारकून होते. ते गेल्यावर पूजा काकूंनी हाती घेतली, अन् मंदिराचा माईकबी घेतला. सप्ताहात आजचं अन्नदान कोणाकडून, उद्या कीर्तन कोणाचं, सगळं काकू सांगायच्या. आवाज असा की तांड्यावर आमच्या म्हशी मान वर करायच्या. हसा, हसा. काकूंनाबी हसू आलं असतं.

मला एकच गोष्ट सांगायची हाय. छपरी या शब्दाची.

आमी चार-पाच पोरं, काही तांड्यावरची, काही गावातली. स्टँडजवळच्या पुलावर बसायचो. केस रंगवलेले, पँट फाटकी, एका गाडीवर तिघं, अन् गाडीचा सायलेन्सर काढलेला. काम मिळालं तर हळद काढायला जायचं, न्हाईतर पूल. शाळेत आमाला टारगट म्हणत. हॉटेलवाला टपोरी म्हणायचा. घरोघरी मोबाईल आले अन् नवा शब्द आला, छपरी. शब्द बदलत गेले, पूल तोच. माझ्या वाट्याला अजून एक जास्तीचा होता. तांड्याचा छपरी.

राग न्हाई कोणावर. पण रोज कानावर पडलं की ते अंगात मुरतं हो. लोक बिचकून पाहायचे, तर आमी अजून छाती काढून बसायचो. दुसरं होतं काय आमच्याकडं?

मग एका सकाळी नदीकडच्या विहिरींवरल्या मोटारींची केबल कापून नेलेली दिसली. हळदीला पाणी द्यायचे दिवस. लोकांचा जीव वरखाली. दुपारी याच पारावर सगळे जमले. ठाण्याचे जमादार आले. आमाला बोलावून खाली मातीत बसवलं. जमादारांनी विचारलं, संशय कोणावर? सगळे एकदम बोलले, ह्या छपऱ्यांवर!

माझी याडी, म्हणजे माझी माय, तिकडं कडेला उभी होती. तोंडात पदर धरून. तिला ठाऊक होतं, एकदा ठाण्यात नाव लागलं की पुढं कुठंबी काही हरवलं तरी पोलिसांची गाडी आधी तांड्यावर येते.

तेवढ्यात काकू मंदिरातून बाहेर आल्या. पूजा अर्धी टाकून, ओल्या हातानं. म्हणाल्या, "जमादार, लिहा तक्रार. पण नाव लिहा. छपरी नावाचं कोण राहतं इथं? मी इतकी वर्षं माईकवर नावं घेते, मला तरी हे घर माहीत नाही."

मग माझ्याकडं बोट केलं. "सांगा, याचं नाव काय?"

लोक म्हणाले, गोल्डन.

"बारशाला गोल्डन ठेवलं का याच्या आईनं? अन् हा?"

डीजे. अन् त्याच्या बाजूचा? बुलेट. त्या बुलेटकडं सायकलबी न्हवती!

खरं नाव कोणालाच सांगता येईना. ज्यांच्या शेतात माझी याडी दरसाल हळद काढायची, त्यांनाबी न्हाई. जमादार आमच्याकडं वळले, तर काकूंनी हात आडवा केला. "ते सांगतील हो त्यांची नावं. आधी ज्यांनी पाहिलं त्यांनी सांगावं, कोणाला पाहिलं." मघाचे ओरडणारे मागं सरकले. तवा काकू म्हणाल्या, "ज्याचं नाव ठाऊक नाही, त्यानं काय केलं ते मात्र ठाऊक आहे तुम्हाला. कमाल आहे!"

जमादारांनी पेन खिशात ठेवला.

केबल कोणी नेली ते कधी कळलंच न्हाई. आमी न्हवती नेली. आज पहिल्यांदा मोठ्यानं सांगून राहिलो, कारण त्या दिवशी आमाला कोणी विचारलं न्हवतं.

लोक पांगले. काकूंनी आमाला मंदिरात नेलं. वाटलं, प्रसाद देतील. म्हणाल्या, "आधी तो सायलेन्सर बसव. आरतीत मला माझा आवाज ऐकू येत नाही." मग एकेकाला नाव विचारलं. बापाच्या नावासकट.

त्या साली सप्ताहाच्या शेवटच्या पंगतीला भोंग्यावरून काकूंचा आवाज आला. "आजच्या पंगतीत वाढायला आहेत, अर्जुन गणपत राठोड..." मग बाकीच्यांची नावं, तशीच पूर्ण. गावाला वाटलं, बाहेरगावचे पाहुणे आले. कोणी तर खुर्च्या मांडल्या, चहा टाकायला सांगितला. अन् समोरून वरणाच्या बादल्या घेऊन आलो आमी!

माझी याडी तांड्यावर भाकरी करत होती. बाप जाऊन लई वर्षं झाली होती. भोंग्यावर त्याचं नाव ऐकलं, अन् तवा तसाच चुलीवर सोडून पळत आली. कोण माझ्या मालकाचं नाव घेऊन राहिलं म्हणून. येऊन पाहते तर मी वाढून राहिलो. ती पंगतीत बसली. मी तिला वाढलं.

काकू, तुमी आमाला सुधारलं असं मी न्हाई म्हणत. केस त्याच्यानंतरबी मी रंगवत होतो. तुमी फकस्त म्हणायच्या, "अर्जुन, हळदीत पडल्यासारखा दिसतोस रे." पण अर्जुन म्हणायच्या. कुकर घ्यायला गेलो तवा दुकानदारानं नाव विचारलं, अन् मी बापाच्या नावासकट सांगितलं, न लाजता. काकू, एवढं तुमचं देणं हाय माझ्यावर. ते फिटायचं न्हाई, अन् मला फेडायचंबी न्हाई.

आता आपण शांत उभं राहायचं हाय. पण थोडं थांबा.

मंडपाच्या मागं, खांबाजवळ, काही पोरं उभी हायेत. लाल केसांची. सकाळपासून पाण्याचे जार तीच वाहून राहिली. आत्ता मी इकडं येत होतो तवा कोणीतरी हळूच म्हणालं, हे छपरी काहून आले इथं? मी ऐकलं.

पोरांनो, तुमची नावं मलाबी ठाऊक न्हाईत. लाज वाटून राहिली मला. मागं नका उभं राहू. या, पुढं या, काकूंच्या फोटोजवळ. हा माईक धरा. आपलं नाव सांगा, बापाच्या नावासकट. काकूंना ऐकू जाईल असं सांगा.

त्यांचं सांगून झालं की मग आपण सगळे उभे राहू.