पायरी धरून

गाडीवाली : काका, टेपचं टोक तेवढं भिंतीला धरता? अजून जरा खाली. हां, तिथंच.

गवंडी : धरलं.

गाडीवाली : समोरच्या भिंतीपर्यंत पाच फूट पाच इंच. आता तुमच्या पायरीच्या कडेपासून...

गवंडी : चार फूट दोन.

गाडीवाली : अहो, मोजू तरी द्या! हो की. बरोब्बर चार-दोन.

गवंडी : मीच बांधलीय. सव्वा फूट पुढे आहे.

मुलगी : मापं सगळी तोंडपाठ. पोटच्या पोरीचा वाढदिवस विचार, आकाशाकडे बघतील. बाबा, ही कोण आहे ते तरी विचारलंत का? मघापासून टेप धरून उभे आहात.

गवंडी : मोजायला आलीय.

मुलगी : गाडीवाली आहे ती. पेशंटला गल्लीतून बाहेर काढायला लहान गाडी करतायत ना, आपली गल्ली आणि यांचा कारखाना मिळून? आई दर रविवारी जायची बघा मीटिंगला.

गवंडी : हां. ते.

गाडीवाली : काकूंचं कळलं मला काका. दोन महिने झाले. मी आधीच यायला हवं होतं. म्हणजे रोज म्हणत होते जाऊ जाऊ...

गवंडी : असू दे. पाणी दे गं हिला.

गाडीवाली : नको, खरंच. काम असं आहे की उद्या सांगाड्याचे पाइप कापायला घेतोय. एकदा पाइप कापले की रुंदी बदलता येत नाही. म्हणून शेवटचं मोजून जायचं, आणि हा आराखडा मान्य आहे अशी प्रत्येक घराची एक सही. तुमच्या घराची काकूंनी केली होती. पण ऑफिसात म्हणाले, आता ती... चालणार नाही.

मुलगी : मेलेल्या माणसाची सही चालत नाही. बोल की सरळ.

गाडीवाली : सॉरी ताई.

मुलगी : तू कशाला सॉरी म्हणतेस? मीच हल्ली कुणावरही खेकसते. सकाळी दूधवाल्यावर खेकसले. त्यानं बापड्यानं नुसतं विचारलं, दूध एक लिटरच देऊ का.

गवंडी : कुठे करू सही?

मुलगी : अहो, वाचा तरी! उद्या कुणी घर लिहून मागितलं तरी 'कुठे करू' म्हणाल. गेले दोन महिने हे असं चाललंय. जेवायला बसा, बसले. उठा, उठले. भाजीत मीठ नव्हतं परवा, तर मुकाट्यानं संपवली. माझा बाप आणि अळणी भाजी! पूर्वी ताट भिंतीला लागलं असतं.

गवंडी : ताट मी कधी फेकलं नाही.

मुलगी : नाही फेकलंत. पण आवाज तसा यायचा.

(गवंडी कागद घेतो आणि त्या पायरीवरच बसून वाचू लागतो.)

गवंडी : हे काय? 'रुंदी : साडेतीन फूट, पायरी धरून.'

गाडीवाली : गाडीच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच मोकळं सोडायचं, नाहीतर भिंत खरवडते. आणि गल्लीत सगळ्यात अरुंद जागा कुठली, तर तुमची पायरी. चार-दोनमधून आठ इंच गेले, राहिले साडेतीन फूट.

गवंडी : म्हणजे सगळी गाडी माझ्या पायरीवर बेतलीय.

गाडीवाली : तसं... हो.

गवंडी : बाकी कुणाची आड येत नाही?

मुलगी : बाकीच्यांच्या पायऱ्या आहेत कुठे आता? पाण्याची लाइन टाकली तेव्हा सगळ्यांनी आत घेतल्या. आणि घेतल्या कुणी? तुम्ही. तीस घरांच्या पायऱ्या स्वतःच्या हातानं काढल्यात आणि आपली तेवढी ठेवलीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

गवंडी : काढणार होतो. पण तेव्हा गल्लीच्या कमिटीचा तो माणूस माझ्या दारात उभा राहून चार माणसांदेखत म्हणाला, 'तुझी पायरी पाडून टाक.' पाडून टाक! मी गवंडी आहे. मी पाडत नाही, काढतो. म्हटलं, जा, नाही काढत.

गाडीवाली : आमच्याकडे आहे नोंद. गाडीचं काम निघालं त्या पहिल्याच महिन्यात कमिटीनं दिलेली. 'घर नंबर अकरा, नकार.'

गवंडी : मग परत कुणी आलंच नाही विचारायला.

गाडीवाली : नाही आलो.

गवंडी : का?

गाडीवाली : काकूंनी सांगितलं होतं, नका विचारू म्हणून.

मुलगी : आईनं?

गाडीवाली : मी येणार होते काका. मीटिंगमध्ये म्हटलं पण तसं, की मी एकदा बोलून बघते. काकू म्हणाल्या, 'अजिबात जायचं नाही. ते काढायचे नाहीत, आणि तुम्ही विचारलंत की घरी आठ दिवस तोंडाला कुलूप. पायरी धरूनच करा गाडी.' सगळे हसले. मीपण हसले. आणि तसंच लिहून घेतलं. तो 'पायरी धरून' शब्द काकूंचाच आहे.

गवंडी : दुसऱ्यांदा विचारलं असतं तर काढली असती.

मुलगी : काय?

गवंडी : पहिल्यांदा मी कुणालाच हो म्हणत नाही. तिला ठाऊक आहे.

मुलगी : होतं, बाबा.

गवंडी : होतं.

मुलगी : लग्नालासुद्धा आधी नाहीच म्हणाले होते हे. आई सांगायची. मामा दुसऱ्यांदा गेला, तर हे म्हणे प्लास्टर करता करता वरूनच म्हणाले, 'बरं.' झालं, लग्न ठरलं!

गाडीवाली : हो, हे सांगितलं होतं काकूंनी. परांचीवरून पाय घसरला होता ना तुमचा?

गवंडी : हे तिनं मीटिंगमध्ये सांगितलं?

गाडीवाली : अहो, त्या आल्या की मीटिंग सुरू झाल्यासारखी वाटायची. नुसत्या रंगावर अडीच तास भांडण. शिंप्याला हिरवी गाडी हवी, मास्तरीणबाईंना पांढरी. काकू म्हणाल्या, 'आत पडलेल्याला रंग दिसत नाही, बाहेरच्यांनी भांडून घ्या.' हॉर्नचा आवाज काकूंनीच निवडला. आमच्याकडे बारा आवाज होते, तर बाराच्या बारा स्वतः तोंडानं काढून दाखवले.

गवंडी : ती? हॉर्नचे आवाज?

गाडीवाली : हो. तुम्हाला नाही दाखवले काढून?

गवंडी : नाही.

मुलगी : मला फोनवर दाखवले होते. मी ऑफिसात होते. म्हटलं, आई, नंतर.

गवंडी : आणि ही खालची ओळ? 'सोबतचा माणूस पुढे, चालकाशेजारी.'

गाडीवाली : ते रुंदीमुळे. गाडी बाहेरून साडेतीन फूट, म्हणजे पत्र्याची जाडी-बिडी जाऊन आत चौतीस इंच उरतात. त्यातले बावीस स्ट्रेचरला. राहिलेल्या बारा इंचांत माणूस बसत नाही. दारसुद्धा मागेच काढलंय, बाजूचं दार गल्लीत उघडणारच नाही. मग पेशंट मागे, आणि घरचं माणूस पुढे.

मुलगी : एकटाच पेशंट मागे? मग बघणार कोण त्याच्याकडे?

गाडीवाली : मध्ये काच आहे, ताई.

मुलगी : काच!

गाडीवाली : मी बोलले होते यावर. काकूंना म्हटलं, मागे जवळ कुणी नसेल तर पेशंट घाबरतो. तर म्हणाल्या... नको, जाऊ दे.

गवंडी : काय म्हणाली?

गाडीवाली : गमतीत म्हणाल्या हो त्या. 'आमचे हे पुढेच बरे. मागे बसले तरी कुठे बोलणार आहेत? पुढे बसून ड्रायव्हरला रस्ता तरी सांगतील.'

मुलगी : आई गं.

गवंडी : खरं आहे. रस्ता सांगतो मी.

मुलगी : बाबा, एक सांगू? त्या दिवशी ही गाडी नव्हतीच. कागदावर होती. कोपऱ्यावर उभी होती ती मोठी ॲम्ब्युलन्स. आपली पायरी असती नसती, ती आत आलीच नसती. डॉक्टरही म्हणाले, पाच-दहा मिनिटांनी फरक पडला नसता. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नका.

गवंडी : लावून घेत नाही. काही लागतच नाही मनाला. तू रडलीस तेव्हा मी बघत होतो. वाटलं, हिला रडायला येतंय, बरं आहे. मी त्या दिवशी घरी आलो नि घमेलं धुवून ठेवलं. स्वच्छ होतं ते. तरी धुतलं.

मुलगी : मी बघितलं होतं.

गवंडी : बोलली नाहीस.

मुलगी : काय बोलायचं? तुमचीच मुलगी.

गाडीवाली : काका, मी उद्या येऊ का? म्हणजे सकाळी पाइप कापायच्या आधी...

गवंडी : थांब. पायरी नसली तर किती?

गाडीवाली : गाडी? पावणेपाच फूट. आत एकोणपन्नास इंच. दोन्ही आराखडे आम्ही पहिल्यापासून तयार ठेवलेत. हा बघा दुसरा. यात स्ट्रेचरच्या शेजारी एक सीट बसते.

गवंडी : हाच घ्या मग.

गाडीवाली : काका, घाई नको. मी पायरी काढा म्हणायला आले नव्हते. मला नुसती सही हवी होती. मी तसं काकूंना कबूल केलं होतं, विचारणार नाही म्हणून.

गवंडी : तू नाही विचारलंस. मी सांगतोय.

मुलगी : बाबा, पण तुमची संध्याकाळची बसायची जागा ती. आणि उंबरा दोन फूट वर आहे आपला. चढणार कसे? गुडघे काय म्हणतील?

गवंडी : आत घेईन. एक टप्पा उंबऱ्याच्या आत, एक बाहेर, पण भिंतीच्या जाडीत. लोकांना करून दिलंच की. अर्ध्या दिवसाचं काम.

मुलगी : अर्धा दिवस! आणि एवढी वर्षं...

गवंडी : हो. अर्धा दिवस.

गाडीवाली : मग मी 'पायरी धरून' खोडू?

गवंडी : खोड.

मुलगी : थांब. अक्षर आईचं आहे का ते?

गाडीवाली : नाही ताई, माझं. त्या सांगत गेल्या, मी लिहीत गेले. खाली सही तेवढी त्यांची.

मुलगी : मग खोड. सहीवर रेघ मारू नकोस फक्त.

गाडीवाली : नाही मारत. नवाच कागद करते, हा तुमच्याकडे राहू दे. हं. घर नंबर अकरा. पायरी आत घेणार. रुंदी पावणेपाच. सोबतचा माणूस मागे, स्ट्रेचरशेजारी. सीट पायाकडे. झालं, इथं सही करा.

गवंडी : पायाकडे का?

गाडीवाली : डोक्याकडे ऑक्सिजनची टाकी आहे. तिथंच तिची कडी बसवायचीय.

गवंडी : टाकी पायाकडे न्या. माणूस डोक्याकडे बसवा.

गाडीवाली : होईल तसं, पण नळी लांब घ्यावी लागेल, टाकी सरकवायची म्हणजे मागचं वजन पुन्हा बघावं लागेल. आमचे इंजिनिअर आधीच माझ्यावर वैतागलेत. काही कारण असेल तर लिहून देते, म्हणजे मला त्यांच्याशी बोलता येईल.

गवंडी : तिला खुर्चीत बसवून नेलं आम्ही इथून. कोपऱ्यापर्यंत. शिंपी आणि त्याचा भाऊ मागे, मी नि मास्तर पुढे, खुर्चीचे पाय धरून. बाजूनं चालायला जागा कुठली इथं? माझी पाठ तिच्याकडे. ती मागून काहीतरी म्हणत होती. शिंपी तिला सारखं 'बोलू नका वहिनी, बोलू नका' म्हणत होता. मी म्हटलं, कोपऱ्यावर टेकवली की वळून विचारू. कोपऱ्यावर टेकवली.

मुलगी : मग?

गवंडी : बोलत नव्हती.

मुलगी : काय म्हणत होती ती?

गवंडी : नाही आलं ऐकू.

मुलगी : शिंप्याला विचारलंत?

गवंडी : विचारलं. त्यालाही नाही कळलं. तोच बोलत होता ना.

मुलगी : दोन महिने झाले, बाबा. मला सांगितलं नाहीत.

गवंडी : काय सांगू? ऐकूच आलं नाही, तर सांगू काय?

गाडीवाली : काका... मी नंतर लिहिते कारण. माझं मी काहीतरी लिहिते.

गवंडी : आत्ताच लिही. काहीतरी नको.

गाडीवाली : सांगा.

गवंडी : लिही, ऐकू आलं पाहिजे.