मोबाईलवर शिकलेला फ्रिज

आता तुमीच सांगा, फ्रिज दुरुस्त करणं हे का नुसतं पाहून शिकायचं काम आहे? काठावर बसून पोहता येते का कोणाले? पण आमच्या दरेकशाच्या संघदीपले हे कोण सांगन... त्याचं एकच, गोंदियाले कायले जायचं, भाड्यानं खोली कायले करायची, आता सगळं मोबाईलवर येते! तसं खरं कारण दुसरंच होतं. घरी माय एकटी. टेशनाबाहेर पार्वताबाईची चहाची टपरी, अन् तिले सोडून जाणं त्याच्या जिवावर येऊन राहिलं होतं. म्हणून लावला त्यानं फ्रिज दुरुस्तीचा ऑनलाइन कोर्स.

अन् दरेकशात तुमाले सांगतो, इकडं डोंगर, तिकडं जंगल, नेटवर्क भेटते फक्त फलाटाच्या एका टोकाले. तिथं हा उभा, कानात वायर, अन् मोबाईलमधले सर, पुण्याकडचे असतीन, दर दोन वाक्यांनी गोड आवाजात विचारत, "आवाज येतोय ना सगळ्यांना?" येत होता ना, बरोबर येत होता, पण नळीचा नट किती आवळायचा हे सर सांगाले लागले अन् नेमकी मालगाडी आली... अन् मालगाडी का लवकर संपते? डबे जाऊन राहिले, जाऊन राहिले, शेवटचा डबा गेला तेव्हा सर म्हणत होते, "एवढं सांभाळलं की झालं. आवाज येतोय ना?"

संघदीपनं तोच धडा पुन्हा लावून पाह्यला, तर सरांचा हातच नटावर आडवा! सर म्हणत, "जरासं घट्ट करायचं." आता जरासं म्हणजे किती गा? त्यानं लिहून विचारलं. उत्तर आलं, तुमचा प्रश्न आमच्यासाठी मोलाचा आहे. बस, पुढं काहीच नाही. परीक्षा बाकी झकास झाली, बरोबर उत्तरावर बोट ठेवायचं, पोट्टा पहिल्या नंबरानं पास. पान्याले हात न लावता मेकॅनिक! मायनं सर्टिफिकेट टपरीत टांगलं अन् येणाऱ्या-जाणाऱ्याले दाखवलं.

मंग आली जवळच्या कचारगडची यात्रा. माणसांनी भरभरून गाड्या उतरणार, पार्वताबाईची खरी कमाई त्याच दिवसांची, अन् टपरीतला तिचा जुना फ्रिज थंड करणं सोडून बसला. शेजारचा सुकराम म्हणे, सालेकशाहून मेकॅनिक बोलावून घे. माय म्हणे, माह्या घरचा मेकॅनिक असताना कायले?

आता संघदीप नाही कसं म्हणणार? फ्रिज भिंतीपासून ओढला. मोबाईलवर तो कसा समोरून उजेडात, सारं मोकळं दिसे, अन् इथं मागं जाळी, धूळ, मुंग्या, हात जायले जागा नाही. नट कोणता हेच समजेना. सापडला तर हलेना. कानात सरांचं ते "आवाज येतोय ना" घुमून राहिलं... अन् त्यानं जोर लावला. नळी तुटली. सूंsss करून सारा गॅस गेला. हा आवाज मात्र सगळ्यांले आला, फलाटापर्यंत!

माय ओरडली नाही. दुधाच्या पिशव्या बाहेर काढत एवढंच म्हणाली, "तुह्या मोबाईलमधला फ्रिज आण आता. दूध त्यात ठेवू."

संघदीप जेवला नाही त्या दिवशी. यात्राभर मायनं पाण्याच्या घमेल्यात दूध ठेवलं, अर्धं फाटलं. यात्रा संपली तसा पोट्टा गोंदियाले गेला, छोटेलालच्या फ्रिज दुरुस्तीच्या दुकानी राह्यला. छोटेलालनं सर्टिफिकेट पाह्यलं, बाजूले ठेवलं, हातात पाना देला. "पहले हाथ काले कर," म्हणे. पोट्ट्यानं केले. नळ्या तोडल्या, शिव्या खाल्ल्या, बोटं भाजली, पण जरासं म्हणजे किती, ते हाताले समजलं.

दिवाळीले घरी आला तो औजारांची पेटी घेऊनच. टपरीत पाय टाकताच फ्रिजकडं गेला अन् दार उघडलं. आत पोहे, साखर, बिस्किटाचे पुडे, चहापत्ती, सगळं वळीनं लावलेलं.

"माय, हे काढ. आता खरंच चालू करतो."

पार्वताबाईनं दार लावून घेतलं. "राहू दे बापा," ती म्हणाली. "मुंग्या नाही लागत त्यात. बंद पडल्यापासूनच कामाचा झाला तो."