आधी खाच, मग भोक

गौरवी : पप्पा, माझ्या स्पीकरच्या फळीत हे भोक कुणी पाडलं?

पप्पा : कोणी म्हणजे? मी. तू शाळेत व्हतंस, तुझा काम हलका करून ठेवलां. बघ कसां गोल!

गौरवी : फळीवर ठळक लिहिलं होतं, ‘हात लावू नये’!

पप्पा : ता भायल्या माणसांसाठी गो.

गौरवी : अहो, आधी खाच, मग भोक! खाच कोरायचा राउटर मधल्या खिळ्याभोवती फिरतो. मधलं लाकूडच गेलं, आता खिळा कुठे ठोकू? हवेत?

पप्पा : खाच होयी कित्याक? स्पीकर वरसून ठेव, इस्क्रू मार. जत्रेत इतके भोंगे वाजतत, कोणी खाची मारल्यानी?

गौरवी : मला भोंगा नाही करायचा! स्पीकरची पत्र्याची कड वर राहिली की आवाज तिला ठेचकाळतो. ती खाचेत, फळीशी सपाट बसायला हवी. उद्या नऊला डिचोलीत शाळेचं प्रदर्शन आहे, पप्पा!

पप्पा : मगे मी मदतच केलंय मां?

गौरवी : गेल्या वर्षी अशीच केलीत. मी झोपेतून उठले तर पवनचक्की रंगवून तयार! बाईंनी विचारलं, “घरच्यांनी केलं ना?” अख्खा वर्ग हसला. यंदा मला म्हणायचंय, मी केलं. एवढंच!

दिनकर : काय गं गौरवी, फाटकापतुर आवाज येतोय! माझा राउटर न्यायला आलो व्हतो.

गौरवी : दिनकरमामा, तुमच्या राउटरचा उपयोगच संपला. पप्पांनी आधी भोक पाडलं.

दिनकर : आता गं बया! पातराव, खाचेच्या आधी?

पप्पा : तू पण तिच्याच बाजून?

दिनकर : मी लाकडाच्या बाजूनं हाय. गौरवी, चुकलं तर चुकलं. बेळगावात आमचा सुतारकामाचा वस्ताद म्हणायचा, लाकूड कमी पडलं तर वरनं जोडावं, रडू नये.

गौरवी : वरनं... थांबा, थांबा! स्पीकरची कड किती जाड? चार मिलिमीटर. आणि त्या जुन्या कपाटाची मागची प्लाय?

दिनकर : चारच की.

गौरवी : तिच्यात कडेएवढं भोक पाडायचं आणि अख्खी प्लाय फळीवर चिकटवायची! स्पीकर खाली जात नाही ना? मग फळीच वर आणू!

दिनकर : आन् प्लायच्या मधी खिळा ठोकायला जागा बी हाय. शाबास!

पप्पा : हाड ती प्लाय हकडे! आत्ता कापतंय...

गौरवी : पप्पा!

दिनकर : पातराव!

पप्पा : बरां, बरां. हात मागे.

(दोन तासांनी. फळीवर वजनाला ठेवलेला मसाला वाटायचा दगड उतरवला आहे; गोंद वाळला आहे.)

गौरवी : बसला! मामा, बोट फिरवून बघा.

दिनकर : मी कशाला? त्यास्नी बघू दे. कवाधरनं हात मागं बांधून हुबं हायत.

पप्पा : ...खंयच अडाकणा नाय गो बोट. काचेवरसून फिरल्यासारखां.

गौरवी : मी केलं.

पप्पा : तूच केलंस. गौरवी...

गौरवी : काय?

पप्पा : चार इस्क्रू आसत. एक मी आवळू?

गौरवी : ...आवळा. पण बाईंनी विचारलं, तर तो एक पप्पांचा, असं मी सांगणार हं.