जोतिरामचं उष्टावण

आतड्याच्या ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी जोतिरामला पेज मिळणार होती. चोवीस वर्षांचा नर्स मल्हार चमचा घेऊन उभा. मधे जोतिरामची आई, बजाबाई. मी शेजारच्या खाटेवर.

“आजी, सरका की. पेज द्यायचीय.”

“डाक्टर म्हणलं, पोट तान्ह्या बाळावानी झालंय. मंजी उष्टावण हाय. पयला घास मामाच घालणार.”

“यांचं वय?”

“चोपन्न.”

“मामा कुठायत?”

“मंगळवेढ्याच्या स्टँडवर.”

“आये, भुकेनं जीव चाललाय!”

“गप. बाळं बोलत न्हाईत.”

“आजी, पेज आत्ताच जायला पायजे.”

“मग हात पुढं कर.”

“बँडेजची पट्टी का बांधताय मला?”

“राखी हाय. आता तू माझा भाऊ. घाल घास.”

“मामा, आणखी!”

“तीनच चमचे सांगितलेत, भाच्या.”