नर बघितल्याशिवाय

माजलगावच्या स्टँडवर माझ्या मागच्या बाकड्यावर मायलेकी बसल्या होत्या. लेकीच्या हातात काचेची इवलीशी कुपी, आणि कुपीत एक मेलेली मुंगी.

"रविवारी पाव्हणे तुला बघायला यायलेत, आन् तू मुंग्यांसाठी जंगलात चाललीस. मुंग्या कुटं पळून चालल्यात का?"

"पळूनच चालल्यात, आई. हिच्या जातीला अजून कुणी नाव दिलेलं न्हाई. कामकरी मुंग्या दुसऱ्या एका जातीसारख्याच दिसत्यात. फरक नरात कळतो, आन् पंखवाले नर वर्षातून एकदाच बाहेर येत्यात. ह्याच आठवड्यात."

"मग आमी बी तुला नरच दाखवायलोत की."

"त्यो पुढच्या महिन्यात बी दिसंल. ह्यो उडाला की मरतो."

"लगीन न करताच?"

"करून मरतो."

"असलं पाव्हण्यांपुढं बोलू नको, बाई."

"पाव्हण्यांपुढं मी असणारच न्हाई."

"नुसती ही मुंगी बघून नाव ठिवलं तर?"

"आन् ती जुनीच जात निघाली तर? माझं सगळं काम वाया."

आईनं कुपी हातात घेऊन उजेडात धरली.

"सिरसाळ्याच्या बाजारात ती काळी गाभण शेळी घेतली, तवा तुझ्या बापानं नुसते कान बघून तिला खानदानी ठरवलं. मी म्हणत होते, आधी बोकड दाखवा."

"मग?"

"करडं झाली मांजराएवढी."

कोल्हापूरची गाडी लागली. लेक पिशवी घेऊन उठली. आईनं फोन लावला.

"आवं, पाव्हण्यांना सांगा, रविवार जमत न्हाई. न्हाई, रुसून न्हाई गेली. मीच पाठवलीय."