अकरा डब्या आणि तान्हूबाई

पेटीवाले, सूर धरून ठेवा, सोडू नका! मंडळी, आज एकच प्रश्न. ज्याच्यावर आपला जीव आहे, त्याला बरं वाटावं म्हणून खोटं वागलं — तर ते पुण्य की पाप? अं? पुढचे काका म्हणतात, पुण्य! आणि बायका म्हणतायत, बुवा, आधी गोष्ट सांगा, मग बघू! बरोबर आहे. बायका घाईनं कबूल होत नाहीत, म्हणून तर संसार टिकलेत!

तर ऐका. टेंभुर्ली नावाचं गाव. तिथं शेलार आळी. त्या आळीत एक दिवस आली शर्वाणी ढोबळे. विद्यापीठात पीएच.डी. करणारी मुलगी. विषय काय? तुम्हाला वाटेल, मंगळावर पाणी आहे का! छे हो! विषय असा — माणसं बीपीची गोळी रोज का घेत नाहीत? हसताय? अहो, हसणाऱ्यांच्याच फडताळात अर्धी पाकिटं पडलीत, मला माहीत आहे!

तिनं आळीतली बीपीची अकरा माणसं निवडली आणि त्यांना गोळ्या ठेवायला अकरा डब्या वाटल्या. डबी साधी नव्हे. झाकणात चिप! झाकण उघडलं — टक्! — की तारीख आणि वेळ आपोआप नोंद. "माणूस खोटं बोलेल, डबी बोलणार नाही," असं तिचे सर म्हणायचे. सर विद्वान! पण सरांनी शेलार आळी कुठं पाहिली होती?

त्या दिवशी ती जेवली तान्हूबाई शेलारांच्या घरी. तान्हूबाई अकरांतलीच एक; वय चौसष्ट, आवाज असा की माईक नको! भाकरी वाढता वाढता तिनं विचारलं, "आन् आमी डबी न्हाई उघडली, तर तुजं काय हुईल गं?"

शर्वाणी हसत म्हणाली, "मग मी नापास होईन की आजी!"

चेष्टा हो! नुसती चेष्टा! पण तान्हूबाईच्या हातातली भाकरी हातातच राहिली.

सहा महिने गेले. नोंदी कॉम्प्युटरवर उतरल्या. आणि काय सांगू मंडळी — शंभर टक्के! अकराच्या अकरा डब्या, रोज सकाळी आठ! दिवाळीत आठ, यात्रेत आठ! सर खुर्चीतून उठून उभे राहिले. "शर्वाणी, असा निकाल देशात कुणाचा नसेल!"

पण बीपी? ते तसूभर उतरलं नव्हतं! तान्हूबाईचं तर एकशे ऐंशीवर एकशे दहा. मेंदूत कधी रक्तस्राव होईल, नेम नाही. सर म्हणाले, "मग लिही, गोळ्या नियमित घेऊनही उपयोग होत नाही."

आता बोला! लिहायला काय जातंय? तीन वर्षांचं शिक्षण, पदवी समोर दिसतेय. पण ते छापून आलं असतं, तर किती घरांतल्या गोळ्या उकिरड्यावर गेल्या असत्या? शर्वाणी परत परत नोंदी बघत बसली. आणि एकदम दचकली. आठ म्हणजे आठच? अकराही जणांच्या डब्या? अकरांतले दगडूभाऊ तर तिलाही पत्रिका पाठवून लेकीच्या लग्नाला आठ दिवस पुण्यात होते, आणि त्यांची डबी टेंभुर्लीत आठ वाजता उघडतेय? कोण उघडतंय हो? उंदीर?

न कळवता तिनं पहाटेची एसटी पकडली. पावणेआठला तान्हूबाईच्या दारात. आत बघते तर फळीवर ओळीनं अकरा डब्या! तान्हूबाई अंघोळ करून, डोक्यावर पदर घेऊन उभी. देवळात आठची घंटा झाली, आणि — टक्! "ही रखमीची." टक्! "ही दगडूभावजींची." टक्! टक्! टक्! उघडायची, झाकायची. एकादशीला उपास मोडेल, पण हे मोडायचं नाही!

"आजी!" शर्वाणी ओरडलीच. "हे काय चाललंय?"

"अगं बया! तू हितं? अगं, तुजंच काम करतिया की! समदी रानात जात्यात, कुनाच्या ध्यानात ऱ्हातंय? म्हनलं आना हिकडं डब्या, म्या बघती. पोरगी आमच्यात जेवली, तिला नापास हू द्याचं व्हय?"

"आणि गोळ्या?"

तान्हूबाईनं अभिमानानं पिठाचा डबा ओढला. झाकण काढलं. काठोकाठ गोळ्या! "महिन्याच्या महिन्याला दवाखान्यातनं नव्या आल्या की जुन्या हितं. एक बी हरवली न्हाई बघ!"

"आजी, त्या खायच्या होत्या!"

"दुखलं-खुपलं तर खायाच्या. कायबी दुखत न्हाई, मग कशाला?"

मंडळी, शर्वाणीला आधी हसू फुटलं. इतकं हसली, की भिंतीला टेकली. आणि हसता हसता रडायला लागली. तान्हूबाई घाबरली. "काय झालं गं? कमी पडल्या का? दोनदा उघडू का रोज?"

शर्वाणीनं पिशवीतून बीपीचा पट्टा काढून तिच्या दंडाला बांधला. मोजलं. एकशे नव्वद! तिनं तान्हूबाईचे दोन्ही हात धरले. "आजी, बीपी दुखत नाही. न दुखवताच माणूस नेतं. मला होऊ दे नापास. डबी परत कधी उघडू नका. पण आत्ता, माझ्यासमोर, एक गोळी खा!"

आता रडायची पाळी तान्हूबाईची. "म्या तुज्यासाठी टकटक करत बसली, आन् तू माज्यासाठी नापास व्हाया निघालीस व्हय गं?"

घेतली गोळी! घटाघट पाणी प्याली! आणि दारात जाऊन जी हाक मारली — "ए रखमेऽ! भावजीऽ! डब्या ऱ्हाऊ द्या, तोंडं उघडा!" दुसऱ्या दिवसापासून आठच्या घंटेला आख्खी आळी रांगेत. गोळी जिभेवर, वर पाणी, आणि तान्हूबाई प्रत्येकाच्या तोंडात डोकावून बघणार. कुणी जिभेखाली लपवली, तर पाठीत धपाटा! तीन महिन्यांत तिचं बीपी एकशे पस्तीसवर आलं.

शर्वाणीनं सगळं खरं खरं लिहिलं. तोंडी परीक्षेला टेम्पो भरून आळी हजर! परीक्षक चष्म्यावरून म्हणाले, "बाई, तुमच्या डब्यांची पद्धत तर साफ फसली."

"फसली न्हाई, म्या फसवली!" मागून तान्हूबाई उठली. "पर सायब, ही खोटं लिहून पास झाली आसती. खरं लिहायला आली. तिला नापास करनार आसाल, तर आदी माजं बीपी मोजा, आन् मग काय ते बोला!"

परीक्षकांनी पट्टा मागवला, खरंच मोजलं, आणि सही केली. डॉक्टर शर्वाणी ढोबळे! टाळ्या तिथंही वाजल्या, इथंही वाजवा!

वाजवल्यात? छान. आता मला सांगा, ही टाळी कसली? तुम्ही पोथी रोज उघडता. टक्! हात जोडता. टक्! कीर्तनाला येऊन बसता. टक्! वर नोंद शंभर टक्के! आणि घरी जाऊन सुनेवर तोच आवाज, भावाशी तोच अबोला. बीपी तेवढंच! गोळी पोटात गेलीय कुठं? देव काय म्हणत असेल? अरे, मला पास करायला डब्या उघडू नका रे, ते औषध तुमच्यासाठी होतं!

हसू नका, माझी लाज तर अजून मोठी आहे. मी तुमची तान्हूबाई! गावोगाव फळीपुढं उभा राहून तुमच्या डब्या उघडतो. आणि माझी? थांबा, खिशात बघतो. ही बघा. डॉक्टरांनी सांगितलेली सकाळची गोळी. संध्याकाळ झाली, अजून खिशातच!

पेटीवाले, सूर सोडा आता. कुणीतरी तांब्याभर पाणी आणा. आणि तुम्ही, मावशी, अशा पुढं या. मी तोंड उघडतो, नीट बघा, गिळली का ते!