मासोळीचं डावं अंग

बोला, दत्तगुरूंच्या नावाचा गजर होऊ द्या! — असा उपाशी नको, जेवलेल्या माणसासारखा होऊ द्या! हां... आता कसं! पलीकडच्या गल्लीतला टीव्हीसुद्धा दचकून गप्प झाला असेल!

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. एखाद्यावर आपला जीव आहे — खराखुरा जीव आहे — तर त्याला सुधारायचं, की आधी ओळखायचं? कुणाला वाटेल, काय बुवा, सोपा प्रश्न! सोपा? मग घरी जाऊन सुनेला विचारा! ... हसल्या! बायका हसल्या, पुरुष गप्प!

अहो स्वयंसेवक, थांबा जरा. पुढच्या आजींना काय सांगताय? पाय आत घ्या? देवाकडं पाय होतात? राहू दे, बसू दे त्यांना तशाच. देवाचं देव बघून घेईल. ऐका तुम्ही आख्यान.

तर कोल्हापुरात एक हिंदुराव लोहार. धंदा काय? जुन्या मोटारींना जन्म देणं! दुसऱ्यांदा! गंजलेला पत्रा, त्यात उंदरांचा संसार, चाकं गेलेली — अशी मोटार आणून टाका, वर्षानं घेऊन जा. आरशासारखी! त्याचं एक बोलणं ठरलेलं. छाती पुढं काढून सांगायचा, "माझ्या हाताखालनं वाकडं काही जात न्हाई!" आणि खरंच जायचं नाही हो! घरात देवाची तसबीर तिरकी दिसली तरी जेवता जेवता उठायचा. बायको शालन म्हणायची, "आवं, घास तरी गिळा! देव कुटं पळतोय व्हय?"

एके दिवशी ट्रॅक्टरमागं ओढत एक मोटार आली. शिरोळकडच्या पाटलांची. तंबाखूच्या वखारीत कित्येक वर्षं झाकून पडलेली. हिंदुरावनं वरची ताडपत्री ओढली आणि मटकन खालीच बसला! का? कारण ती मोटार मोटारीसारखी नव्हतीच. मासा होता, मासा! पुढं वासलेलं तोंड, दोन दिवे म्हणजे दोन डोळे, अंगावर ठोकून बसवलेले तांब्याचे खवले, आणि मागं अशी वर उचललेली शेपटी! देवानं पहिला अवतार मत्स्याचा घेतला म्हणतात. हा दुसऱ्यांदा घेतला, शिरोळात, चार चाकांवर!

आणि हा मासा घडवला कुणी? हिंदुरावच्या बापानं! गणपत लोहारानं. लढाईनंतर लिलावात निघालेली परदेशी मोटार आप्पासाहेब पाटलांनी घेतली, तिची नुसती चासी, म्हणजे खालचा सांगाडा, ठेवली आणि गणपत मिस्त्रीला म्हणाले, "वर काय करायचं ते कर. पन अशी कर, की गाव बघत ऱ्हाईल." गाव बघत राहिलं. तिचं नाव पडलं मासोळी. हिंदुरावनं लहानपणापासून तिच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं. आज बापाच्या हातचं काम पुढ्यात उभं! त्यानं पत्र्यावर हात ठेवला, आणि मंडळी, एवढा दांडगा गडी, त्याचे डोळे भरले.

निरोप होता चंपाक्कांचा. आप्पासाहेब वारले, त्यांच्या मागं राहिलेल्या त्यांच्या पत्नी या चंपाक्का. "दत्तजयंतीला मला मासोळीतनं नृसिंहवाडीला जायचं हाय. आम्ही दोघं दरसाल जायचो. एकदा तेवढी चालू करून द्या." बस्स, एवढंच मागणं. पुढं त्यांनी आपणहून सांगितलं, की मग मिस्त्रींनी ती पुण्याला जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात न्यावी, बक्षीस घ्यावं, आमची ना नाही.

लागला की हिंदुराव कामाला! इंजिन उतरवलं. खवले एकेक सोडवून चिंचेनं घासले. आणि एका सकाळी मोटार समोरून बघताना त्याच्या कपाळाला आठी पडली. डावी बाजू वाकडी! डावं दार उजव्यापेक्षा चार बोटं रुंद, आणि दारापाशी पत्र्याला असा फुगवटा, एखाद्याचं पोट सुटावं तसा. आत बघतो तर त्या फुगवट्यात ओळीनं भोकं. कशाची? काही कळेना.

त्यानं दोरी धरली, ओळंबा लावला. अपघात नाही, पोचा नाही. मूळचंच! मग त्याला आठवलं — त्या सुमाराला आबांना, म्हणजे त्याच्या बापाला, मोतीबिंदू झाला होता. दिसत नसेल हो म्हाताऱ्याला! हात चुकला! आणि हिंदुरावला काय वाटलं असेल? लाज? नाही, नाही! माया वाटली! उद्या पुण्यात चार जाणती माणसं मासोळीभोवती फिरणार आणि म्हणणार, गणपत मिस्त्रीला दोन बाजू सारख्या करता आल्या नाहीत. का म्हणून ऐकायचं हे? पोरगा कशासाठी असतो? बापाची चूक पदरात घ्यायलाच ना?

मग केलं काय? उजव्या बाजूवर जाड कागद ठेवला, आकार उतरवला — त्याला फर्मा म्हणतात — आणि तोच फर्मा उलटा करून डाव्या बाजूला लावला! जुना पत्रा कापून टाकला मागच्या अंगणात. नवा ठोकला. वाळूच्या पिशवीवर, लाकडी मोगरीनं, अगदी लोण्यासारखा! भोकं? गेली! फुगवटा? गेला! उजवं तसं डावं, डावं तसं उजवं. मान तिरकी करून बघितलं आणि मनात म्हणाला, "आबा, आता निजा निवांत."

मंडळी, आबा निवांत निजले असतील का? बघू!

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी मासोळी पाटलांच्या दारात उभी राहिली. काय दिसत होती! गाव लोटलं. म्हातारी माणसं खवल्यांवरून हात फिरवतायत, पोरं हॉर्न वाजवून घेतायत. तेवढ्यात पुतण्याच्या आधारानं चंपाक्का बाहेर आल्या. हिंदुरावनं त्यांना पहिल्यांदाच बघितलं. आणि बघितलं ते काय? डावा पाय ताठ! गुडघ्यात वाकतच नव्हता. लहानपणी बैलगाडीतून पडल्या होत्या. हिंदुरावची नजर त्या पायावरनं डाव्या दाराकडं गेली.

आक्का दाराशी आल्या. हसतमुखानं आत बसल्या — पण पाय? पाय बाहेर! पुतण्यानं आत सारून बघितला. दाराला आडवा. तिरका करून बघितला. दार लागेना. जिथं फुगवटा होता, तिथंच तो पाय मावायचा हो!

पुतण्या म्हणाला, "आक्का, जाऊ दे की. माझ्या गाडीत मागं आडवं बसून चला."

आक्का म्हणाल्या, "मागं आडवं घालून पोत्यावानी न्हेतात रं बाबा, जलमभर न्हेलंय. ह्या एका गाडीत मी माणसावानी पुढं बसली. त्यांच्या शेजारी." मग हिंदुरावकडं वळल्या. "तुजा बा आमच्या सोप्यात आला हुता. मला खुर्चीवर बसवलं आन् दोरीनं मापं घेतली. मी लाजून अर्धी झाले. तर म्हनला, 'वैनी, पाय जसा हाय तसाच ठेवा. वाकायचं पत्र्यानं. पायानं न्हाई.' बाळा, गाडी लई देखणी केलीस. पन ही माझी न्हवं."

अरे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! हिंदुराव खाली मान घालून उभा. आधी माणूस बसवायचा, मग पत्रा ठोकायचा, ही बापाची रीत त्यानं लहानपणी रोज बघितलेली. आणि यानं काय केलं? गाडीला शंभर प्रश्न विचारले, पण गाडीत कोण बसणार हे विचारलंच नाही!

पण मंडळी, माणूस लोहाराच्या पोटचा होता. रडत नाही बसला. "आक्का, उद्या दुपारी तयार ऱ्हावा," म्हणाला आणि मोटार फिरवली.

घरी येऊन अंगण धुंडाळतो तर जुना पत्रा गायब! "शालन, भंगारवाल्याला दिलास व्हय गं?" शालन म्हणाली, "कशाला दीन? मामंजींनी ठोकलेला पत्रा. खुराड्यावर घातलाय. त्या फुगवट्याखाली खुडूक कोंबडी अंड्यांवर ऐसपैस बसती!" बघा मंडळी, कोंबडीला कळलं! कोंबडीला कळलं, की ही जागा कुणाच्या तरी बसण्यासाठी केली आहे!

हिंदुरावनं पत्रा उचलला, धुतला, उन्हात धरला. आतून हातोडीचे घाव बघितले — एकाला एक लागून, तांदूळ निवडून मांडावेत तसे. अंधाऱ्या डोळ्यांचा हात नव्हता तो. आणि ती भोकं? पोटरीला पत्रा टोचू नये म्हणून तिथं चामड्याची गादी शिवलेली होती! हिंदुराव मोठ्यानं म्हणाला, "आबा, चुकलं माझं." आणि स्वतःचं आरशासारखं काम स्वतःच्या हातानं कापलं. शालननं पत्रा धरला, यानं सांधला. नवी गादी शिवली. रंगाला वेळ कुठला? नुसता लाल प्रायमर, रंगाखालचा हात, मारला.

दुसऱ्या दिवशी चंपाक्का पुढं बसल्या. पाय त्या फुगवट्यात गेला, दार लागलं — खट्! आक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला." नृसिंहवाडीला जन्मकाळाचा गुलाल उधळला तेव्हा एका बाजूनं झळझळीत, दुसऱ्या बाजूनं शेंदरी अशी ती मासोळी घाटाच्या वर उभी होती!

मग तशीच पुण्याला गेली. परीक्षक फिरले, वाकले, म्हणाले, "मिस्त्री, काम अप्रतिम. पण डावी बाजू सरळ का नाही केलीत?"

हिंदुरावनं छाती पुढं काढली. "केली हुती साहेब. चूक झाली हुती. दुरुस्त केली!"

बक्षीस दुसऱ्याला मिळालं. हा हसत घरी आला.

आता तुमच्याकडं येतो! नाही, पाठीमागं बघू नका, तुमच्याकडंच! थोरल्यावरून फर्मा काढायचा आणि धाकट्यावर उलटा ठेवायचा — कोण करतं? लेकीचा फर्मा सुनेवर कोण ठेवतं? आणि वर म्हणायचं, मायेनंच केलं! हिंदुरावनं तरी कशानं केलं होतं? मायेनंच ना? बाबांनो, समोरचा वाकडा दिसला तर कापायच्या आधी एकदा विचारा — बाई, तुझा पाय कसा आहे?

आणि स्वयंसेवक... या, इकडं या. लाजू नका. मघाशी ज्यांना पाय आत घ्या म्हणालात ना, त्या पुढच्या आजी... त्यांची परवानगी घेऊनच सांगितलं हे आख्यान. चंपाक्का, नमस्कार! पाय जसा आहे तसाच ठेवा.

सरका की हो पुढचे! जागा करा आक्कांच्या पायाला! ... हां. झाली जागा? मग आता पेटवा निरांजन. आता आरती देवापर्यंत पोचेल.